मरुयात्रेचा बेत

साठी उलटली म्हणजे माणसाने काशी-रामेश्वर करावे, हा आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेला परिपाठ. माझ्या आजोबांनी तो पाळला, वडिलांनीही पाळला. मी मात्र सहासष्टाव्या वर्षी असा मनोदय प्रकट केला की, येत्या मार्गशीर्षात जेसलमेरास जावे, तेथील जुनी गावे पाहावीत, आणि दोन रात्री उघड्या वाळवंटात तंबू ठोकून राहावे. हे ऐकून घरात क्षणभर शांतता पसरली. सूनबाई लगबगीने स्वयंपाकघरात गेल्या, बहुधा हसू आवरण्यासाठी. चिरंजीव म्हणाले, "बाबा, मूर्तिजापूरचा उन्हाळा आपल्याला पुरत नाही काय?"

हा विनोद अगदीच अस्थानी नव्हता. वैशाखात आमच्या अकोला जिल्ह्यात पारा ४५ अंशांना शिवतो, हे वऱ्हाडातील वाचकांस सांगावयास नको. परंतु माझ्या इच्छेचे मूळ फार जुने आहे. माझे शालेय शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे. पण त्याच्या कितीतरी आधीपासून वडील मला पहाटे उठवून अमरकोश पाठ करवून घेत. त्यात पाण्याला पंचवीसांहून अधिक नावे आहेत. सलिल, पयस्, उदक, तोय, नीर ही तर सर्वांच्या परिचयाची. पण अमृत, जीवन, भुवन आणि मेघपुष्प हीही पाण्याचीच नावे. वाळवंटाला मात्र तेथे दोनच नावे, मरु आणि धन्वन्. मी एकदा वडिलांस विचारले, "पाण्याला इतकी नावे आणि वाळवंटाला दोनच का?" ते म्हणाले, "ज्याची गरज लागते, त्याला माणूस नाना नावांनी हाका मारतो." तेव्हापासून त्या दोन नावांच्या प्रदेशाविषयी मनात एक कुतूहल घर करून राहिले. नोकरी, मुलांची शिक्षणे, लग्नकार्ये यांत ते तसेच राहून गेले.

घरात मला एकच साथीदार मिळाला, तो म्हणजे अमरावतीस अभियांत्रिकी शिकणारा माझा नातू. तंबू कोठे भाड्याने मिळतो, गाड्यांची आरक्षणे केव्हा उघडतात, हे सारे तो मोबाईलवर पाहून सांगे. मी शंभर पानी वही आणली, पहिल्या पानावर श्रीकार घातला आणि मास्तरकीच्या जुन्या सवयीने सर्व बेत सुवाच्य अक्षरांत लिहून काढला.

प्रवासाचा मार्ग असा ठरला. भुसावळवरून सुरत, तेथून अहमदाबाद, पुढे जोधपूर आणि शेवटी जेसलमेर. ढोबळ मानाने दीड हजार किलोमीटरांचे अंतर. ११५६ साली रावळ जेसलने वसविलेला जेसलमेरचा पिवळ्या दगडाचा किल्ला आजही नांदता आहे. त्याच्या तटाच्या आत लोकांची घरे आहेत, तेथे चुली पेटतात. किल्ल्याखाली चौदाव्या शतकातील गडीसर तलाव आहे. एके काळी सारे शहर त्यावर तहान भागवी. पहिला दिवस या दोहोंसाठी. दुसऱ्या दिवशी भाटी राजांची त्याहून जुनी राजधानी लोद्रवा व तेथील पार्श्वनाथाचे मंदिर. शिवाय अकल येथील दगड झालेली झाडे. आज जेथे सावलीला झुडूप मिळणे कठीण, तेथे कोट्यवधी वर्षांपूर्वी अरण्य होते, याचा तो पुरावा. तिसऱ्या दिवशी कुलधरा व खाबा ही ओसाड गावे, आणि तेथून पुढे खुडी गावाच्या बाजूस वाळूच्या टेकड्यांत दोन रात्री मुक्काम. सम येथील टेकड्या अधिक प्रसिद्ध आहेत. पण तेथे पर्यटकांची इतकी दाटी असते की, मूर्तिजापूरच्या आठवडी बाजारात तंबू ठोकल्याचे सुख मिळावे.

माझ्या मूळ बेतात नागोरही होते. १७५५ साली मारवाडच्या स्वारीत जयाप्पा शिंदे तेथे दग्याने मारले गेले. मराठी माणसाने त्या भागात जाऊन नागोर न पाहता परतावे, हे माझ्या मनास पटेना. परंतु नागोर जोधपूरच्या ईशान्येस आणि आम्ही जाणार पश्चिमेस. नातवाने नकाशा पुढे धरला, आणि मी जड अंतःकरणाने ती ओळ खोडली. बेत करणे म्हणजे निम्मे खोडणेच, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

आता मुख्य गोष्ट सांगतो. एके दिवशी सायंकाळी मी सौ.ला वहीतील कुलधऱ्याचे प्रकरण वाचून दाखवीत होतो. हे गाव पालीवाल ब्राह्मणांचे. पालीहून येऊन त्यांनी जेसलमेरच्या परिसरात वस्ती केली, शेती व व्यापार यांवर वैभव मिळविले, आणि एकोणिसाव्या शतकात गाव ओसाड पडले. सुमारे चारशे घरांचे अवशेष आजही तेथे उभे आहेत. लोककथा अशी की, राज्याचा दिवाण सालिमसिंह याची दृष्टी गावच्या मुखियाच्या कन्येवर पडली, तेव्हा अब्रूसाठी पालीवालांच्या चौऱ्याऐंशी गावांनी एका रात्रीत घरेदारे सोडली. ही कथा मी वर्गात कित्येक वेळा रंगवून सांगितली आहे. स्वाभिमानासाठी उभे वैभव लाथाडणारी माणसे! सांगताना माझाच कंठ दाटून येई.

सौ.ने वाती वळता वळता सारे ऐकले आणि विचारले, "अहो, चौऱ्याऐंशी गावे एका रात्रीत निघाली म्हणता, तर त्यांच्यासोबत पाणी किती होते?"

मी निरुत्तर झालो. इतक्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला नव्हता, आणि मलाही तो कधी सुचला नव्हता. लेकरे, म्हातारी माणसे, गाईगुरे घेऊन मरुभूमीतून निघावयाचे, तर पहिला विचार पाण्याचाच हवा. मग मी पुन्हा वाचावयास बसलो. दिवाणाच्या जुलमाची गोष्ट सर्वस्वी खोटी असेलच असे नाही. परंतु अभ्यासकांपैकी काहीजण तेथील विहिरी आटत गेल्याचे कारण पुढे करतात, तर काहीजण भूकंपाचे. गाव बहुधा एका रात्रीत उठले नाही. हळूहळू रिते झाले. ज्या प्रश्नासाठी विद्वानांनी इतके परिश्रम केले, तो आमच्या घरात वाती वळताना सुटला.

त्याच पालीवालांची दुसरी एक गोष्ट मात्र निःसंशय खरी आहे, आणि ती मी वर्गात कधीच सांगितली नव्हती. ती म्हणजे त्यांची 'खडीन' पद्धत. उतारावरून वाहून येणारे पावसाचे पाणी सखल जागी लांब मातीचा बांध घालून अडवावयाचे. पाणी जमिनीत मुरले की त्याच ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा पेरावयाचा. वर्षाकाठी जेमतेम दोनशे मिलिमीटरांच्या आतबाहेर पाऊस पडणाऱ्या मुलखात हे लोक गहू पिकवीत. आमच्याकडे त्याच्या तिपटी-चौपटीने पाऊस पडतो, आणि तरीही पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा पिण्याच्या पाण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. विहीर खणावी तर खारट पाणी लागते. आमच्याच जिल्ह्यात वान धरणावरून नळाने पाणी नेणारी '८४ खेडी योजना' या नावाची एक योजना आहे. चौऱ्याऐंशी गावे पाण्याअभावी उठली असे एकीकडे म्हणतात. दुसरीकडे चौऱ्याऐंशी गावांना जागेवर ठेवण्यासाठी डोंगरातून पाणी आणावे लागते.

असो. सौ.ने वही मागून घेतली आणि चाळली. इतिहासाची बारा पाने, वनस्पती व पक्षी यांची चार, आणि सोबत घ्यावयाच्या सामानाचे एक. त्या एका पानावर नवव्या क्रमांकास मी लिहिले होते : 'पाणी, पुरेसे घ्यावे.' ती हसली. म्हणाली, "पुरेसे म्हणजे किती?"

नातवाने लगेच पाहून सांगितले की, पिण्यास व रांधण्यास मिळून माणशी दररोज पाच लिटर धरावे. तिघांचे तीन दिवसांचे पंचेचाळीस लिटर झाले. ती क्षणात म्हणाली, "म्हणजे तीन हंडे. एक हंडा वरचा, सांडलवंडीचा. चार हंडे धरा." मी विचारले, "हंड्यात पंधरा लिटर मावतात, हे तुला कसे ठाऊक?" ती माझ्याकडे पाहतच राहिली.

माझी पहिली नेमणूक खारपाणपट्ट्यातील एका खेड्यात झाली होती. तेथे आम्ही अकरा वर्षे काढली. गावच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. गोड्या पाण्याची विहीर गावाबाहेर अर्ध्या किलोमीटरावर होती. ते पाणी घरात येत असे एवढेच मला ठाऊक. मी शाळेतून येई, हातपाय धुई, तांब्याभर पाणी पिई आणि मुलांच्या वह्या तपासावयास बसे. मुलांना पाण्याचे समानार्थी शब्द पाठ करावयास सांगे. ते घरात कोणाच्या डोक्यावरून येते, याचा विचार करण्याचे कारण मला कधी पडले नाही.

"दिवसाला सहा खेपा," ती म्हणाली. "पाहुणे आले की आठ. पावसाळ्याचे चार महिने पागोळीखाली भांडी मांडत असू, तेवढाच विसावा." तिच्या स्वरात तक्रार नव्हती. भाजीचा भाव सांगावा तसे तिने सांगितले आणि वाती डब्यात भरून ती देवघरात गेली.

रात्री मला झोप येईना. मी उठून वहीच्या मागच्या पानावर गणित मांडले. वर्षाचे आठ महिने, म्हणजे दोनशे चाळीस दिवस, दररोज सहा खेपा, अकरा वर्षे. पंधरा हजार आठशे चाळीस खेपा झाल्या. जाऊन-येऊन एक किलोमीटर धरले, तर तितकेच किलोमीटर. मूर्तिजापुराहून जेसलमेरास पाच वेळा पायी जाऊन परत यावे, इतकी वाट ही बाई चालली होती. आणि त्यातील अर्धी वाट डोक्यावर पंधरा लिटरांचा हंडा होता.

त्यासोबत आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती या गणिताहून अधिक बोचली. दोन वर्षांपूर्वी सौ.ची मान धरली होती. पट्टा लावावा लागला. डॉक्टरांनी छायाचित्र पाहून तिला विचारले होते, "बाई, डोक्यावरून ओझी वाहिली आहेत का कधी?" ती काही बोलण्यापूर्वी मीच उत्तर दिले होते, "छे, छे, तसले काही नाही. आम्ही मास्तर मंडळी." तेव्हा ती गप्प बसली. मी खोटे बोललो नव्हतो. मला खरोखरच ठाऊक नव्हते. पण न ठाऊक असणे हेही कधी कधी खोटे बोलण्याहून हलके नसते.

दुसऱ्या दिवशी मी वहीतील बेताचे पान फाडले आणि नवे पान घेतले. त्यावर पहिल्या क्रमांकास पाणी लिहिले, आणि त्याची सर्व व्यवस्था सौ.कडे सोपविली. तिने एकच अट घातली. वाळवंटात जाण्यापूर्वी एक रात्र येथेच काढून पाहावयाची. त्याप्रमाणे कार्तिकात आम्ही दर्यापूर तालुक्यात लासूरला गेलो. तेथे पूर्णाकाठी आनंदेश्वराचे हेमाडपंती मंदिर आहे. दगड इतके रेखीव बसविलेले की, पाहणाऱ्याने तासभर खाली बसून राहावे. जवळच माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे शेत आहे. "गुरुजी, घरी झोपा ना, तंबूत कशाला?" असे तो वारंवार म्हणत होता. त्यास आमचा हेतू समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली.

नियम असा होता की, गाडीतून आणलेल्या पंधरा लिटरांपलीकडे थेंबभरही पाणी घ्यावयाचे नाही. पाणी बांधापासून तंबूपर्यंत मी न्यावयाचे, हा नियम मीच घातला. अंतर दोनशे पावलांचे. मी ते तीनदा थांबून पुरे केले. डोक्यावर हंडा घेण्याचे धाडस मला झाले नाही, हातानेच नेला. सौ. मागून येत होती. ती एवढेच म्हणाली, "काठोकाठ भरू नये. वर चार बोटे मोकळी ठेवावी, म्हणजे हिंदकळत नाही." अंधार पडेपर्यंत नातवाने हातपाय धुण्यात व चूळ भरण्यात सहा लिटर संपविले. रात्री तिने त्यास ओरडा दिला नाही. उरलेले पाणी तिघांच्या तांब्यांत सारखे वाटले आणि त्याचा तांब्या त्याच्या उशाशी ठेवला. सकाळी उठून पाहतो तो त्याचा तांब्या अर्धा भरलेला होता.

त्या एका रात्रीने आमचा बेत पालटला. जे वाचक असा प्रवास योजीत असतील, त्यांच्या उपयोगासाठी त्यातील काही गोष्टी येथे देतो.

शिधा सौ.ने ठरविला. वरण-भात वर्ज्य, कारण डाळ-तांदूळ धुण्यास व शिजविण्यास फार पाणी लागते. दुधात भिजविलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सातूचे पीठ, चिवडा आणि लाडू एवढेच न्यावयाचे. भांडी कोरड्या वाळूने घासून फडक्याने पुसावयाची. आपल्या आज्या राखेने घाशीत, त्यातलाच हा प्रकार.

सरपण तेथे वेचावयाचे नाही. लहान शेगडी सोबत न्यावयाची. त्या प्रदेशातील खेजडीचे झाड म्हणजे आपण दसऱ्यास जिची पूजा करतो ती शमीच. १७३० साली जोधपूरजवळ खेजडली गावी ही झाडे तोडू न देण्यासाठी अमृतादेवी आणि तिच्यामागून विश्नोई समाजातील माणसे, एकंदर ३६३ जणांनी प्राण दिले. तिच्या शेंगांची भाजी करतात, पाला शेळ्या-उंटांना घालतात. अशा झाडाची फांदी चहासाठी जाळणे मला तरी शोभणार नाही.

वाळूत तंबूच्या खुंट्या टिकत नाहीत. दोरीच्या टोकास वाळूने भरलेली पिशवी बांधून ती हातभर खोल पुरावी. दिवसा ऊन असले तरी हिवाळ्यातील रात्र फार थंड; पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा घोंगडी व कानटोपी हवीच. तिथी शुक्ल दशमीच्या सुमाराची धरावी. पूर्वरात्री चांदणे मिळते, आणि चंद्र मावळल्यावर पहाटेपूर्वी सारे नक्षत्रमंडळ उघडे होते. सीमेलगतच्या काही भागांत परवान्यावाचून जाता येत नाही, याची चौकशी आधीच करावी. आणि निघताना जागा अशी सोडावी की, तेथे कोणी उतरले होते हे दिसू नये. आमच्या तालुक्यातील दापुऱ्यास मामाच्या घरी लहानाचे मोठे झालेले गाडगेबाबा खराट्याने जे शिकवून गेले, ते येथील माणसाने वाळवंटात जाऊन विसरणे बरे नव्हे.

सर्व सिद्धता झाल्यावर सौ.ला प्रवास मानवेल की नाही हे विचारण्यासाठी आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मान तपासली. म्हणाले, "जा खुशाल, पण उंटावर बसू नका, हिसके बसतात. गाडीतूनच फिरा." मग जुने कागद चाळता चाळता त्यांनी तोच प्रश्न पुन्हा केला, "डोक्यावर ओझी वगैरे वाहिली होती का पूर्वी?"

या वेळी मी बोललो नाही. सौ.ने एकदा माझ्याकडे पाहिले. मग डॉक्टरांस म्हणाली, "हो. अकरा वर्षे. दिवसाला सहा खेपा."

डॉक्टरांनी ते लिहून घेतले. घरी आल्यावर मीही वहीत लिहून ठेवले. कुलधऱ्याच्या भिंतींपाशी उभे राहून ती पुन्हा काही विचारील, तेव्हा उत्तर देण्याची घाई करावयाची नाही, एवढे मी मनाशी ठरविले आहे. मार्गशीर्षास अद्याप तीन आठवडे आहेत.